वंशवृक्षाचीं मुळें : अमेरिकेंतील आद्य वसाहतवाल्यांचा शोध

इ. स. १६२० च्या शरद ऋतूंत 'मेफ्लॉवर' नांवाचें एक शिडाचें गलबत अटलांटिक महासागरांतून पश्चिमेकडे चाललें होतें. त्यावर उतारू होते १०२. वाटेंत एकदां वादळ इतकें माजलें कीं, शिडें उतरवून गलबत लाटांच्या स्वाधीन करावें लागलें. अशा वेळीं जॉन हौलंड नांवाचा एक तरुण नोकर खालच्या कोंदट जागेंतून वर आला आणि गलबतानें हेलकावा खातांच समुद्रांत फेकला गेला. सुदैवानें वरच्या शिडाचा एक दोर पाण्यांत लोंबकळत होता. तो त्याच्या हातीं लागला. पाण्याखालीं पुष्कळ खोल जाऊनही त्यानें दोर सोडला नाहीं, आणि शेवटीं खलाशांनीं आंकडीच्या काठीनें त्याला वर ओढून घेतलें.

हा हौलंड त्यानंतर बावन्न वर्षें जगला. त्याच गलबतावरून आलेल्या एका मुलीशीं त्याचें लग्न झालें, दहा मुलें झालीं, दहाही वाढलीं आणि त्यांचे संसार झाले. आज त्याच्या वंशजांची गणना लाखांनीं करावी लागते. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट त्याच्याच वंशांतले; बुश आडनांवाचे पिता-पुत्र एकामागून एक राष्ट्राध्यक्षपदीं चढले, मध्यें एकाचें अंतर ठेवून, तेही त्याच्याच वंशांतले. त्या दिवशीं दोर हातून निसटला असता, तर अमेरिकेच्या इतिहासाचीं किती पानें निराळीं लिहिलीं गेलीं असतीं, याचा तर्क ज्याचा त्यानें करावा.

परंतु 'आमचें घराणें हौलंडचें' असें एखाद्या अमेरिकन गृहस्थानें म्हटलें, तर त्यास पुरावा काय? महाराष्ट्रांतील श्रोत्यांस हा प्रश्न अगदींच परका वाटूं नये. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत येथेंही अनेक घराण्यांनीं आपापले कुलवृत्तान्त छापून काढले, आणि त्या निमित्तानें माळ्यावरच्या पेट्यांतील जुनीं बाडें बाहेर निघालीं. मात्र येथें मूळ गांव, कुलदैवत, क्षेत्रींचा उपाध्याय असा एखादा धागा बहुधा हातीं असतो. अमेरिकेंतील वसाहतवाल्यांनीं समुद्र ओलांडला, तेव्हां त्यांचा तो धागाच तुटला. मुलानें नवें गांव वसविलें, नातवानें तेंही सोडून पश्चिमेची वाट धरली, आणि चार पिढ्यांनंतर 'इंग्लंडांतून तीन भाऊ आले, त्यांपैकीं एकाचे आम्ही' एवढीच कथा उरली. ही तीन भावांची कथा त्या देशांत इतक्या घरांतून सांगण्यांत येते कीं, ती कानीं पडतांच जाणता संशोधक सावध होतो.

ह्या शोधाचा पहिला नियम ऐकावयास सोपा आहे. आरंभ स्वतःपासून करावयाचा आणि एकेक पिढी सिद्ध करीत मागें जावयाचें. लोक करतात तें नेमकें याच्या उलट. इतिहासांतील एखादा नामांकित पुरुष अगोदर पसंत करावयाचा आणि मग त्याच्यापासून खालीं आपल्या घरापर्यंत शिडी लावावयाची! अशा शिडीचीं मधलीं पायटणीं हवेंत असलीं तरी चढणाऱ्यास तें दिसत नाहीं. मेफ्लॉवरच्या वंशजांची जी संस्था १८९७ सालीं स्थापन झाली, ती सभासद होऊं इच्छिणाऱ्याकडे प्रत्येक पिढीचा पुरावा मागते. घरांतील आख्यायिका तेथें चालत नाहीं.

मागें जातां जातां प्रथम उपयोगीं पडते ती सरकारी खानेसुमारी. ती अमेरिकेंत १७९० पासून दर दहा वर्षांनीं होत आली आहे. परंतु १८४० पर्यंतच्या खानेसुमारींत फक्त कुटुंबप्रमुखाचें नांव आहे. बायको, मुलें, म्हातारे आईबाप हे सारे केवळ आंकडे. प्रत्येक स्वतंत्र माणसाचें नांव लिहिण्यास आरंभ झाला तो १८५० सालीं. त्यांतही १८९० च्या खानेसुमारीचे कागद १९२१ च्या जानेवारींत वॉशिंग्टन येथें लागलेल्या आगींत सांपडले आणि त्यांचा फार थोडा अंश आज शिल्लक आहे. बंदरांत उतरणाऱ्या उतारूंच्या याद्या सरकार घेऊं लागलें तें १८२० पासून. म्हणजे मेफ्लॉवरनंतरचीं पुरीं दोनशें वर्षें संशोधकास अशा सरकारी याद्यांचा आधार जवळजवळ नाहींच. त्या काळासाठीं चर्चमधील बाप्तिस्म्याच्या वह्या, गांवसभेचीं टिपणें, जमिनींचीं खरेदीखतें आणि सर्वांत मोलाचीं म्हणजे मृत्युपत्रें यांच्याकडेच वळावें लागतें.

हौलंडचीच गोष्ट घेऊं. तो नोकरीस होता तो प्लिमथ वसाहतीचा पहिला गव्हर्नर जॉन कार्व्हर याच्या पदरीं. त्यामुळें पुढील पिढ्यांत अशी समजूत रूढ झाली कीं, हौलंडनें कार्व्हरच्या मुलीशीं लग्न केलें. नोकरानें धन्याचा जांवई व्हावें ही कथा गोड खरी! वंशजांनीं ती मुलांना सांगितली, मुलांनीं छापली, आणि एकदां छापली गेल्यावर तिच्याविषयीं शंका घेणें हें कुळाचा अपमान केल्यासारखें झालें. तिचा निकाल लागला तो एका हरवलेल्या हस्तलिखितामुळें.

कार्व्हर पहिल्याच वर्षीं वारला आणि त्याच्या जागीं विल्यम ब्रॅडफर्ड आला. ह्या ब्रॅडफर्डनें वसाहतीचा इतिहास स्वहस्तें लिहून ठेविला होता. तें बाड त्याच्या घराण्यांत राहिलें, पुढें बॉस्टन येथील ओल्ड साऊथ चर्चच्या मनोऱ्यांतील ग्रंथसंग्रहांत आलें. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या आरंभीं ब्रिटिश लष्करानें तें चर्च ताब्यांत घेऊन तेथें घोडे फिरविण्याची शाळा केली. फौज निघून गेली तेव्हां बाडही नाहींसें झालें होतें. सुमारें ऐशीं वर्षें कोणास त्याचा पत्ता नव्हता. पुढें १८५५ सालीं बॉस्टनच्या विद्वानांच्या हें लक्षांत आलें कीं, एका इंग्रज धर्माधिकाऱ्यानें १८४४ सालीं छापलेल्या पुस्तकांत जे उतारे दिले आहेत ते ह्या हरवलेल्या ग्रंथावांचून दुसऱ्या कशांतले असूंच शकत नाहींत. उताऱ्यांखालीं ठिकाण दिलें होतें : लंडनच्या बिशपचा फुलहॅम येथील वाडा. तेथें चौकशी करतां बाड ग्रंथालयांत स्वस्थ पडलेलें आढळलें. १८५६ सालीं तें प्रथमच समग्र छापण्यांत आलें, आणि १८९७ सालीं इंग्लंडनें मूळ प्रत मॅसॅच्युसेट्सला परत केली.

ह्या बाडाच्या शेवटीं ब्रॅडफर्डनें एक यादी जोडली आहे. गलबतावरून कोण कोण आले, त्यांतले कोण वारले, कोणाचे विवाह झाले, कोणास किती मुलें झालीं, हें सारें तीस वर्षांनंतर एका म्हाताऱ्या माणसानें आठवून आठवून लिहिलें आहे. पहिल्या हिवाळ्यांत निम्म्याहून अधिक नसले तरी जवळजवळ निम्मे उतारू दगावले होते, आणि कित्येक कुटुंबांपुढें सगळीं मेलीं एवढेंच लिहिण्याची पाळी त्याच्यावर आली. त्याच यादींत हौलंडच्या बायकोचेंही नांव आहे. ती गव्हर्नरची मुलगी नव्हे. ती जॉन टिली नांवाच्या साध्या उतारूची मुलगी एलिझाबेथ.

ही एलिझाबेथ गव्हर्नरकन्येहून कितीतरी अधिक लक्षांत ठेवण्यासारखी आहे. बेडफर्डशायरमधील हेन्लो गांवच्या चर्चच्या वहींत १६०७ च्या ऑगस्टमध्यें तिच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. म्हणजे गलबतावर चढली तेव्हां ती तेरा वर्षांची होती. पहिल्या हिवाळ्यांत तिचा बाप गेला, आई गेली, बरोबर आलेले चुलता-चुलतीही गेले. त्या ओसाड किनाऱ्यावर तें पोर एकटें उरलें. पुढें तिनें हौलंडबरोबर संसार केला, वैधव्य पाहिलें, आणि १६८६ च्या डिसेंबरांत, वय ऐशींच्या घरांत असतां, मृत्युपत्र केलें. त्यांत मुलांचीं नांवें आहेत आणि मुलींचीं नांवें सासरच्या आडनांवांसह आहेत. वंशावळ शोधणाऱ्यास ह्या शेवटच्या गोष्टीचें मोल फार. मुलगी सासरीं गेली कीं जुन्या दफ्तरांतून तिचा माग नाहींसा होतो. आईबापांच्या मृत्युपत्रांतच काय तो पुन्हां लागतो.

कागद हातीं आला म्हणजे काम संपलें असें मात्र नाहीं. हौलंडची मृत्युतिथि २३ फेब्रुवारी १६७२/७३ अशी दोन वर्षांची जोडी घालून लिहितात, तें कां? इंग्रजी राज्यांत १७५२ पूर्वीं सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळें जानेवारी-फेब्रुवारींतली तारीख जुन्या गणनेनें एका वर्षांत आणि नव्या गणनेनें दुसऱ्या वर्षांत पडे. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म जुन्या पंचांगाप्रमाणें ११ फेब्रुवारी १७३१ चा, आणि नव्याप्रमाणें २२ फेब्रुवारी १७३२ चा. शक आणि सन यांचा मेळ घालण्याची संवय असलेल्या मराठी माणसास हें चटकन उमजेल. परंतु ज्यास हें ठाऊक नाहीं तो बापाच्या लग्नाआधींच मुलाचा जन्म झाला असें ठरवून मोकळा होतो. शब्दांचेंही तसेंच. जुन्या कागदांत दोन सारख्या नांवांपुढें 'सीनियर' आणि 'ज्युनियर' आढळलें, तर ते बापलेकच असतील असें नाहीं. एकाच गांवांत एकाच नांवाचे दोघे असले कीं वयानें मोठ्यास एक आणि धाकट्यास दुसरें विशेषण लावीत. त्या काळचा 'सन-इन-लॉ' पुष्कळदां जांवई नसून सावत्र मुलगा असतो. एवढ्याशा शब्दानें माणूस भलत्याच घराण्यांत दत्तक जातो!

ह्या चुका अज्ञानाच्या झाल्या. जाणूनबुजून केलेला खोटेपणा ह्याहून घातक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत पैसा वाढला, तशी कुलीनतेची भूकही वाढली. इंग्लंडांतील सरदार नाहींतर राजाच पूर्वजांत असावा असें श्रीमंतांस वाटूं लागलें, आणि गिऱ्हाईक आलें कीं माल तयार होतो ह्या न्यायानें वंशावळी बनवून देणारेही निघाले. त्यांत गुस्ताव्ह आंजू (१८६३–१९४२) ह्या स्वीडनहून येऊन न्यूयॉर्ककडे स्थायिक झालेल्या गृहस्थाचें नांव कुप्रसिद्ध आहे. त्याची रीत अशी कीं, खऱ्या नोंदी भरपूर द्यावयाच्या आणि जेथें अमेरिकेंतला पूर्वज विलायतेंतल्या बड्या घराण्यास जोडावयाचा नेमक्या तेथें एखादें मृत्युपत्र किंवा चर्चची नोंद कल्पनेनें रचावयाची. चार खऱ्या नाण्यांत एक खोटें सहज खपून जातें. ह्या वंशावळी सुंदर बांधणीच्या पुस्तकांतून ग्रंथालयांत गेल्या, तेथून त्यांच्या नकला झाल्या, आणि आजही नवशिके त्या प्रमाण मानून पुढें चालवितात. ह्या घाणीची साफसफाई करण्याचें श्रेय मुख्यतः न्यू हेवनच्या डोनाल्ड लाइन्स जेकोबस यास आहे. त्यानें १९२२ सालीं एक त्रैमासिक सुरू केलें, आणि कुळाच्या अभिमानास पुराव्याच्या ठिकाणीं बसूं द्यावयाचें नाहीं असा दंडक घातला. त्यानें पुष्कळांचे राजे काढून घेतले. त्याचे आभार थोड्यांनींच मानले असतील.

आणि गंमत पाहा, मेफ्लॉवरवरच राजवंशाचें रक्त खरोखर होतें, पण तें कोणी शोधलें नव्हतें अशा ठिकाणीं. गलबतावर मोर आडनांवाचीं चार भावंडें होतीं. थोरली आठ वर्षांची, धाकटी चार वर्षांची. बरोबर आई नाहीं, बाप नाहीं. निरनिराळ्या कुटुंबांत तीं नोकर म्हणून वांटून दिलेलीं होतीं. लंडनच्या रस्त्यांवरचीं अनाथ पोरें असावींत असें कित्येकांनीं मानलें होतें. १९५९ सालीं श्रॉपशायरमधील एका जुन्या वाड्यांत सतराव्या शतकांतला एक कागद मिळाला आणि कोडें सुटलें. बापाचें नांव सॅम्युएल मोर, जमीनदार घराण्यांतला. मुलें आपलीं नसून बायकोच्या जाराचीं आहेत असें त्यानें ठरविलें, आईच्या ताब्यांतून तीं काढून घेतलीं, आणि तिच्या विरोधास न जुमानतां दूरदेशीं पाठवून दिलीं. आईनें पुढें न्यायाधीशाकडे दाद मागितली. तिला उत्तर म्हणून बापानें जें निवेदन केलें तोच हा कागद. चौघांपैकीं तिघें पहिल्या हिवाळ्यांत गेलीं. रिचर्ड तेवढा वांचला, सेलम गांवीं म्हातारा होऊन मेला, आणि त्याचा वंश आजही चालूं आहे. ह्या मुलांच्या आईच्या कुळाचा शोध घेतां घेतां तो इंग्लंडच्या जुन्या राजांपर्यंत जाऊन पोंचला. ज्यांनीं राजे विकत घेतले त्यांना ते मिळाले नाहींत, आणि ज्या पोरांना जन्मदात्यांच्या घरीं जागा नव्हती त्यांच्या मागें ते निघाले.

अर्थात् राजा निघाला म्हणून एवढें हुरळून जाण्याचें कारण नाहीं. साधा गुणाकार केला तर आईबाप दोन, त्यांचे आईबाप चार, असें करीत दहाव्या पिढीला पूर्वज १०२४ होतात आणि बाराव्या पिढीला ४०९६. मेफ्लॉवरपासून आजपर्यंत सुमारें इतक्याच पिढ्या होतात. चार हजारांतला एक चांगला निवडून त्याची तसबीर दिवाणखान्यांत लावावयाची आणि बाकीच्यांस विसरावयाचें, याला वंशप्रेम म्हणावें कीं काय हा प्रश्नच आहे. अलीकडे थुंकीच्या परीक्षेवरून म्हणजे डी. एन. ए. वरून पूर्वज ओळखण्याची सोय झाली आहे. जवळच्या नात्यांना, विशेषतः हरवलेला बाप किंवा दत्तक दिलेलें मूल शोधण्यास, तिचा उपयोग फार मोठा. परंतु दर पिढीस हा वारसा अर्धा अर्धा होत जातो. बारा पिढ्यांमागच्या एखाद्या पूर्वजाचा त्यांत कणही उरलेला नसेल. तेथें पुन्हां कागदाकडेच यावें लागतें.

हे कागद जगभर गोळा करण्याचा सर्वांत मोठा उद्योग युटा संस्थानांतील सॉल्ट लेक सिटी येथें चालतो. मॉर्मन पंथाच्या लोकांनीं ही वंशावळ-संस्था १८९४ सालीं स्थापन केली. मृत पूर्वजांचाही बाप्तिस्मा करतां येतो अशी त्यांची श्रद्धा असल्यानें पूर्वज कोण हें ठाऊक असणें त्यांना धर्मतःच आवश्यक. १९३८ पासून त्यांनीं देशोदेशींच्या दफ्तरांच्या मायक्रोफिल्म घेतल्या. त्यांचीं सुमारें २४ लाख रिळें झालीं, आणि २०२१ पर्यंत तीं सर्व संगणकांत उतरविण्यांत आलीं. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही त्यांनीं चित्रित करून नेल्या आहेत. गंगेच्या घाटावर आजोबांनीं केलेली सही युटाच्या पर्वतांत जपून ठेवलेली असावी, हा योग कोणास सुचला असता?

हिंदुस्थानचा ह्या जुन्या कागदांशीं आणखी एक, अगदीं बारीक संबंध आहे. व्हर्जिनियांत जो जितकीं माणसें स्वखर्चानें आणील, त्यास माणशीं पन्नास एकर जमीन मिळे. अशी जमीन मागतांना माणसांची यादी द्यावी लागे. १६३५ सालच्या एका जमीनदाराच्या यादींत 'टोनी' असें नांव असून त्यापुढें 'ईस्ट इंडियन' असें लिहिलें आहे. हा टोनी खरोखर कोणत्या गांवचा, त्याचें आईबापांनीं ठेविलेलें नांव काय, यांतलें कांहींच त्या यादींत नाहीं. पन्नास एकरांपुरतें त्याचें नांव हवें होतें. तेवढें लिहिलें गेलें.

निदान त्याचें तेवढें तरी लिहिलें गेलें. आफ्रिकेंतून बळानें आणलेल्या लोकांच्या वंशजांपुढें मोठी भिंत उभी आहे. १८५० व १८६० च्या खानेसुमारींत गुलामांचीं निराळीं पत्रकें आहेत, पण त्यांत नांव आहे तें मालकाचें. गुलामाचें वय, स्त्री कीं पुरुष, आणि वर्ण, इतकेंच. नांव जवळजवळ कोठेंही नाहीं. दास्यमुक्तीनंतर १८७० सालीं त्यांचीं नांवें व आडनांवें खानेसुमारींत प्रथम येतात. त्यामागें जावयाचें तर मालकाचें घराणें शोधावें लागतें, आणि त्याच्या मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या यादींत, घोडे, बैल व भांडीं यांच्या ओळीला ओळ लागून, स्वतःच्या पणजीच्या आईचें नांव आणि समोर तिची किंमत वाचावी लागते.

१८३८ सालीं मेरीलँडमधील जेसुइट पाद्र्यांनीं आपल्या मळ्यांवरचीं २७२ माणसें लुइझियानांतल्या मळेवाल्यांस विकलीं. जॉर्जटाउन येथील त्यांचें महाविद्यालय कर्जांत होतें; त्या पैशाचा कांहीं भाग तिकडे लागला. विक्रीच्या कागदांत मात्र माणसांचीं नांवें व वयें नोंदलेलीं होतीं, आणि धर्माधिकारी म्हणून पाद्र्यांनीं बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या वह्याही राखल्या होत्या. ज्यांनीं विकलें त्यांच्याच व्यवस्थितपणामुळें पुढें माग लागला. संशोधकांनीं ह्या याद्या लुइझियानांतील चर्चच्या वह्यांशीं आणि १८७० च्या खानेसुमारीशीं ताडून पाहिल्या, आणि २०१६ च्या सुमारास शेंकडों वंशजांस आपल्या पूर्वजांचीं नांवें प्रथमच कळलीं. २०१७ सालीं विद्यापीठानें व पंथानें वंशजांसमोर क्षमायाचना केली.

त्या विक्रींत कॉर्नेलियस हॉकिन्स नांवाचा एक मुलगा होता, वय तेरा. लुइझियानांतील मॅरिंगुइन गांवच्या कॅथॉलिक दफनभूमींत त्याचें थडगें सांपडलें. दगड उलथून पडला होता, पण अक्षरें वाचतां येत होतीं. त्यावर घरगुती नांव कोरलेलें आहे, नीली हॉकिन्स, आणि मृत्यूची तारीख १६ एप्रिल १९०२.